मामा उलटा बसतो

माझा मामा गेली चाळीस वर्षं जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. वल्ही मारणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो. होडीच्या मधल्या फळीवर बसायचं, तोंड मागच्या टोकाकडे, पाय आडव्या दांड्याला टेकवायचे आणि दोन्ही वल्ही छातीकडे ओढायची, की होडी पाठीच्या दिशेने निघते. म्हणजे तळ्यात जाताना मामा घरचा काठ बघत जातो, आणि परत येताना पलीकडचा काठ बघत येतो. पुढे काय येतंय ते त्याला दिसत नाही. तरी चाळीस वर्षांत त्याने होडी एकदाही कशावर आपटलेली नाही. मी पुढे बघत चालते आणि आठवड्यातून दोनदा दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेते.

त्याचं सगळं काम खुणांवर चालतं. तळं मोठं आहे, शहराला पाणी पुरवणारं. बांध घातला तेव्हा एक अख्खं रान पाण्याखाली गेलं, आणि त्याची काळी खोडं पलीकडच्या काठापाशी अजून उभी आहेत, बरीचशी पाण्याच्या वीतभर खाली. त्यांच्यातून होडीपुरती एकच वाट आहे. घरच्या काठावरची बर्फाच्या कारखान्याची चिमणी पाण्याच्या टाकीमागे बरोबर झाकली गेली, की आपण वाटेवर. चिमणी बाजूने डोकावली, की आपण खोडांवर. येताना पलीकडच्या टेकाडावरचं एकटं झाड आणि काठावरची पडकी भिंत अशीच एका रेषेत धरायची. मामाची जाळी त्या खोडांच्या पलीकडे, ओढ्याच्या मुखाशी असतात. तिथे दुसरं कुणी सहसा जात नाही, म्हणून मासे तिथेच असतात.

मग त्याच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, वल्हं विसरा. मामा घरी येऊन तीन दिवस खिडकीशी बसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "मोटर लावू." पाणी पिण्याचं असल्यामुळे तळ्यात तेलाच्या इंजिनाला बंदी आहे, पण बॅटरीवरची मोटर चालते.

मामीने ऐकून घेतलं. ती तेव्हा ओट्यावर मासे साफ करायच्या सुऱ्या पुसत होती.

"लावा. माझी ना नाही," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. ज्या दिवशी कुणी तुम्हाला दोर बांधून ओढत आणलं, त्या दिवशी होडी विकायची. त्याच दिवशी."

ही अट हवेतून आली नव्हती. मामाच्या थोरल्या भावाला उतारवयात लोकांनी दोनदा असं ओढत आणलं होतं. दोन्ही वेळा तो हसत उतरला. तिसऱ्यांदा नुसती होडी ओढत आणली.

मामाने मान डोलावली. तो शब्दाचा इतका पक्का आहे की त्याने मान डोलावली की मलाच भीती वाटते. होडी गेली तर मामा त्या खिडकीशी चौथ्या दिवशीही बसणार, पाचव्याही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

खरेदीला मला बोलावलं, कारण घरात विजेचं कळणारी मी एकटी. मी लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करते. माझा सगळा जन्म वर-खाली जाण्यात चाललाय, आडवं जाण्याशी माझा काडीचा संबंध नाही. पण मामाने विचारलं आणि मी म्हटलं, सोपं आहे. मी नेहमी असंच म्हणते.

दुकान पंपांचं होतं. मागच्या खोलीत होड्यांच्या मोटरी लाकडी घोड्यांना अडकवून ठेवलेल्या. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून आधी सगळ्यात झगमगीत मोटर दाखवली. ती होडीच्या पुढच्या टोकाला बसते, होडीला ओढते आणि पायाने वळवता येते.

"पायाने मी फक्त चप्पल घालतो," मामा म्हणाला. "आणि ओढणारी नको. ढकलणारी असेल तर दाखवा."

मग मागच्या फळीला अडकवायची मोटर आली. तिची ताकद पौंडात मोजतात. मी होडीचं वजन, दोन माणसं, ओली जाळी आणि मासे धरून साडेचारशे किलोंचा हिशोब केला, त्यात वाऱ्यासाठी भर घातली आणि पंचावन्न पौंडांची ठरवली. पंख्याची पाण्यात उतरणारी दांडी किती लांब हवी, हे विचारल्यावर मामाने खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, एक गाठ होडी रिकामी असतानाची, एक भरलेली असतानाची. "रिकामी होडी मागून उचलते," तो म्हणाला. "पंखा हवेत फिरला तर नुसता फेस व्हायचा." दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याला बहुतेक पहिल्यांदाच कुणी सुतळी आणून दाखवली होती.

भांडण झालं ते बॅटरीवरून. फरशीवर दोन ठेवल्या होत्या. एक शिशाची, तीस किलोंची. दुसरी लिथियमची, महाग, पण बारा किलोंची. मामा उकिडवा बसला आणि त्याने दोन्हींवर हात ठेवला.

"हिला दम लागला की कळतं का?"

"शिशाची हळूहळू मंदावते, काका. मोटरचा जोर उतरत जातो, आपल्याला अंदाज येतो. ही दुसरी शेवटपर्यंत तशीच पळते आणि एकदम बंद. आतलं सर्किट तोडतं, बॅटरी खराब होऊ नये म्हणून."

"म्हणजे बॅटरी वाचते," मामा म्हणाला. "आणि माणूस?"

दुकानदार हसला. मला राग आला. "मामा, घरापासून धक्क्यापर्यंत ब्याऐंशी पायऱ्या आहेत. तीस किलो रोज कोण नेणार? तुझा खांदा? का मामीच्या डोक्यावर ठेवतोस? नाकापेक्षा मोती जड करून काय करायचंय?"

"मला दमणारी बरी वाटते. दमणाऱ्याशी बोलता येतं."

"मी आकडे बघून सांगतेय. पूर्ण वेगात दोन तास चालेल. तुला जाऊन-येऊन सव्वा तास लागेल. पाऊण तास शिल्लक! आणखी काय हवं?"

मामाने शिशाच्या बॅटरीवरचा हात काढून घेतला. वजनाचं माझं म्हणणं खरंच होतं. उठताना त्याने घोड्यावरची मोटर एकदा हातात धरून बघावी म्हणून स्टूल ओढलं आणि सवयीने मोटरकडे तोंड करून बसला. म्हणजे होडी असती तर तिच्या पुढच्या टोकाकडे त्याची पाठ.

"काका, उलटे बसलात!" दुकानदार म्हणाला. "तोंड पुढे, हात मागे. आता वल्हं नाही, मोटर आहे." मीही हसले. अगदी मोठ्याने हसले. मामा ओशाळला, उठला आणि पुढे तोंड करून बसला.

पहिल्या दिवशी सकाळी बॅटरी मी एका हातात लटकवून ब्याऐंशी पायऱ्या उतरले आणि वाटेत तीनदा वळून मामाकडे बघितलं, बघ म्हणून. मला पोहता येत नाही, म्हणून मी नारिंगी जाकीट घातलं होतं. मामी नेहमीसारखी धक्क्याच्या टोकाला, दिव्याच्या खांबापाशी उभी होती. होडी ठिपका होईपर्यंत ती तिथे रोज उभी राहते. मला वाटायचं, तिला सकाळची हवा आवडते.

मोटर सुरू झाली तशी होडी आवाजही न करता निघाली. मामा मागच्या फळीशी, दुकानदाराने सांगितलं तसा, तोंड पुढे करून. मी मामीला हात केला. तिने केला नाही. ती मामाच्या पाठीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिची हाक आली, "अहो!" मामाने नुसता हात वर केला. वळला असता तर होडीही वळली असती.

वारा पाठीशी होता. मोटरवर बॅटरीचे चार हिरवे दिवे होते, चारही लागलेले. मी वेगाची मूठ पाचावर, म्हणजे पूर्ण वेगावर नेली. "दोन तास आहेत आपल्याकडे," मी म्हटलं.

अर्धं तळं ओलांडल्यावर मामा म्हणाला, "मला हे पाणी ओळखीचं नाही."

"काय बोलतोस? चाळीस वर्षं इथे आहेस."

"हे नाही. हे पुढचं."

तेव्हा मला ते नीटसं कळलं नाही. मला समोर पाणी, झुडपं आणि लांबचा काठ दिसत होता. सगळा एकसारखा. मामालाही तेवढंच दिसत होतं, आणि घोटाळा तिथेच होता. त्याच्या खुणा त्याच्या पाठीमागे होत्या. चिमणी बघायला तो मान वळवायचा, मान वळली की खांदा, खांद्याबरोबर मूठ, आणि होडी भलतीकडे. परत सरळ करायची, परत वळून बघायचं. मागे वळून पाहिलं तर आमच्या होडीची पाण्यावरची रेघ साप गेल्यासारखी दिसत होती.

मग होडीखाली काहीतरी खरवडलं. लांब, सावकाश आवाज. मी दोन्ही हातांनी फळी धरली.

"खोड," मामा म्हणाला. "वेग कमी कर." त्याच्या कपाळावर घाम होता. या पाण्यावर मी त्याला घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तिथून पुढचा पाऊण तास आम्ही त्या वाटेचं तोंड शोधत होतो. दोनदा पंख्यात शेवाळ अडकलं, दोनदा मी ते नखांनी काढलं. एकदा डाव्या बाजूला खोडाचं टोक माझ्या हाताच्या अंतरावर पाण्यातून वर आलं आणि गेलं. अखेर जाळी सापडली, ती मी ओढली, मासे भरपूर होते आणि मला त्यांचा जराही आनंद झाला नाही. दिवे मात्र चारही हिरवे. मी त्यांच्याकडे बघून बघून धीर धरत होते.

परतताना वारा तोंडावर होता. होडी भरलेली, मागून खाली बसलेली. मी मूठ पुन्हा पाचावर नेली. खोडांतून आम्ही कसेबसे बाहेर पडलो. मामा सारखा मागे वळून एकट्या झाडाकडे बघायचा, आणि होडी सारखी भरकटायची. निम्म्या वाटेवर होडीच्या पोटाखालचा पाण्याचा आवाज थांबला. मोटरला आवाज नव्हताच, त्यामुळे ती बंद पडल्याचं असं कळलं. दिवे बघितले. चारही विझलेले. ते शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेले दिवे होते. लिथियमला कधी दम लागतो हे त्यांना ओळखताच येत नव्हतं. मी विजेचं काम करते, आणि हे मला दुकानातच सुचायला हवं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बॅटरी रिकामी.

वारा आम्हाला मागे नेऊ लागला. मागे खोडं होती.

"मामा, शिव्या द्यायच्या असतील तर दे."

"नंतर," मामा म्हणाला.

तेवढ्यात एक होडी दिसली. दाढी होता. त्याला सगळं तळं दाढीच म्हणतं. मामाचा जुना सोबती आणि तितकाच जुना वैरी, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने लांबूनच ओळखलं, जवळ आला आणि काही न विचारता दोर फेकला. दोर आमच्या होडीच्या पुढच्या टोकावर पडला. मी झडप घालून तो धरला.

"सोड," मामा म्हणाला.

"मामा, मला पोहता येत नाही."

"ठाऊक आहे. सोड गं, पोरी."

"काय रे, बंद पडली का?" दाढी ओरडला.

"गरम झालीय. थंड करतोय."

"थंड करतोयस का बुडवतोयस?"

मामा माझ्याकडे बघत राहिला. धक्क्यावर दिव्याचा खांब दिसत होता, काडीएवढा, आणि त्याच्याशेजारी आणखी एक काडी. हा दोर धरून तिथे पोचलो, तर होडी आजच्या आज जाणार होती. मी दोर सोडला. सोडताना मी रडले, आणि ते मी लपवणार नाही. दाढीने दोर गोळा केला. "परतताना बघतो, आहात का," म्हणाला आणि गेला.

भीतीने माझं डोकं बंद झालं होतं, ते रागाने चालू झालं. आमच्या कामात वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. तेव्हा एक छोटीशी बॅटरी तिला अगदी हळू, गोगलगायीसारखी, जवळच्या मजल्यावर नेऊन सोडते. वेगाने न्यायचं म्हटलं तर ती बॅटरी चार हातही नेणार नाही. मी तारा सोडवल्या.

"हिला पंधरा मिनिटं झोपू दे," मी म्हटलं. "थोडा जीव येईल. मग एकावर चालवायची, फक्त एकावर. पण सरळ जायला हवं, मामा. एक हातभरही वाकडं नाही."

मामाने काठाकडे बघितलं. डाव्या अंगाला जमिनीचा एक सुळका पाण्यात शिरलेला आहे, त्याच्या आडोशाला वारा लागत नाही. "तोवर तिथपर्यंत जाऊ," तो म्हणाला.

मधल्या फळीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्याचा चांगला हात एका वल्ह्यावर, माझे दोन्ही दुसऱ्यावर. त्याच्या एका हातात माझ्या दोन हातांपेक्षा जास्त जोर होता, त्यामुळे होडी आधी गोल फिरली. "तुझ्या आईसारखीच आहेस," मामा म्हणाला, "सगळा जोर तोंडात." मग त्याने आपला जोर माझ्याएवढा कमी केला. दोनशेपर्यंत मोजलं मी. माझे तळवे सोलले. मामाचा फाटलेला खांदा वल्ह्यावर नव्हता, तरी प्रत्येक ओढीला त्याचा चेहरा आवळत होता.

आडोशाला आल्यावर मी तारा जोडल्या. मूठ एकावर. पंखा फिरला.

मामा मागच्या फळीकडे गेला आणि माशांच्या खोक्यावर मोटरकडे तोंड करून बसला. पाठ पुढे. "तू पुढे बघ," तो म्हणाला, "मी मागे बघतो."

मी या वेळी हसले नाही. त्याने एकटं झाड भिंतीवर आणून ठेवलं आणि मग त्याची मूठ हललीच नाही. पाण्यावरची आमची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी येत होती. इतकं हळू, की काठावरून कुणी चालत असतं तर आमच्या आधी पोचलं असतं. मी दिव्यांकडे बघायचं सोडून दिलं होतं. प्रत्येक क्षणी वाटायचं, आता थांबेल.

"मामी खांबापाशी आहे का?" त्याने विचारलं.

"आहे."

"काय करतेय?"

"उभी आहे."

"रागावलीय?"

"इथून कळत नाही रे."

चेहरा दिसू लागला तेव्हा कळलं. ती रागावली नव्हती. तिने दोन्ही हातांनी खांब धरला होता.

धक्का होडीच्या दोन लांबींवर होता तेव्हा बॅटरी संपली. या वेळी खरीच संपली. होडी थबकली आणि वाऱ्याने हळूच मागे सरकायला लागली. मामाने वल्ह्याला हात घातला, पण दमलेला हात वर जाईना. मी दुसरं वल्हं मारलं तर होडी आडवी झाली. तेवढ्यात धक्क्यावरून दोर आला आणि थेट मामाच्या पाठीवर पडला.

मामा वळला नाही. "कुणी टाकला?"

"मामीने."

त्याने दोराला हात लावला नाही. "अट तुझीच आहे," तो मोठ्याने म्हणाला. "ओढत आणलं तर विकायची."

"परक्या माणसाने आणलं तर!" मामी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "मी काय परकी आहे? बांध गं, पोरी, तो दोर! यांचं नंतर बघते मी."

मी बांधला. मामी चपला काढून, टाचा रोवून ओढत होती. होडी धक्क्याला लागली तरी मामा खोक्यावर तसाच पाठमोरा बसलेला. मामी खाली वाकली आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला.

"चाळीस वर्षं माझ्याकडे तोंड करून जाता," ती म्हणाली. "आज पाठ फिरवून गेलात. हाक मारली तरी बघितलं नाहीत. मला वाटलं, थोरल्या भाऊजींसारखं… मला वाटलं, हा माणूस आता येत नाही."

"मलाही काही दिसत नव्हतं गं," मामा म्हणाला. "चिमणी आणि टाकी लांब गेल्यावर कामाला येतात. त्याच्या आधी खांबापाशी तू असतेस, त्यावरच होडी सरळ निघते. आज पहिल्यापासूनच चुकलो."

मामीने तोंडाला पदर लावला. मी मासे मोजायचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याकडून मोटरच्या मुठीला हातभर पाइप बसवून घेतला, मधल्या फळीपर्यंत पोचेल असा. दिवे काढले आणि किती वीज खर्च झाली ते मोजणारं मीटर लावलं. दमल्याचं ते आधी सांगतं. मीटर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काय, काका पुढे तोंड करून बसतात ना आता?"

"नाही, उलटे बसतात," मी म्हटलं. "समोर मामी असते."